दलित साहित्यातील महानगर आणि राहत्या जागेचा प्रश्न

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा गेली काही वर्षे मी विट्यातील महाविद्यालयात शिकवतो आहे. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. रेल्वेत नोकरी लागलेला एक शिकलेला दलित तरुण गुजरातेत उधन्याला जातो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि जात उघडी पडते तेव्हा मार खातो, असे तिचे थोडक्यात कथासूत्र आहे. मागच्या वर्षी तास संपता संपता एका मुलीने विचारले, “सर, पण त्येनं दुसरी खोली का न्हाई बघितली?” वर्गात हसू पिकले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तो आठ महिने पुण्यात राहून आला होता. तो जागेवरूनच म्हणाला, “दुसरीकडंबी आधी आडनावच इचारत्यात.”

त्या दिवशी घरी येऊन मी या कथेवरची माझी टिपणे काढली. त्यांत जातिव्यवस्थेचे दाहक चित्रण होते, नकार होता, विद्रोह होता, मानवमुक्तीची आस होती. ‘खोली’ हा शब्द एकदाही नव्हता. ज्या गोष्टीसाठी कथेतला माणूस जात चोरतो, तीच गोष्ट माझ्या समीक्षेतून गळाली होती. हा दोष माझ्या एकट्याचा नसावा, अशी शंका आल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

दलित साहित्यातील महानगराकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. प्रस्थापित मराठी समीक्षेने त्याला ‘नवे अनुभवविश्व’ म्हटले. झोपडपट्टी, फूटपाथ, वेश्यावस्ती हे मराठी साहित्यात पूर्वी न आलेले प्रदेश आले, साहित्याच्या कक्षा रुंदावल्या, असे कौतुक झाले. या कौतुकात एक प्रवासी वृत्ती आहे. तो प्रदेश तसा का झाला आणि आपण राहतो त्या प्रदेशाशी त्याचा संबंध काय, हे ती विचारत नाही. दुसरी रीत आपली स्वतःची. खेडे म्हणजे नरक आणि शहर म्हणजे सुटका, असे एक समीकरण आपण मनाशी धरून ठेवले आहे. त्याला आधारही मोठा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी भारतीय खेड्याच्या गौरवावर कठोर प्रहार केला आणि संविधानाचा घटक म्हणून गाव न घेता व्यक्ती घेतली, याबद्दल समाधान व्यक्त केले. हे विवेचन आजही खोटे ठरलेले नाही. परंतु खेड्याविषयीच्या या विधानावरून शहराविषयीचे प्रमाणपत्र आपणच तयार केले आणि बाबासाहेबांच्या नावावर जमा केले. शहराने बाबासाहेबांना काय दाखवले, हे त्यासाठी पुन्हा पाहावे लागते.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून परतलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले. बडोदा खेडे नव्हते. पुरोगामी म्हणून नावाजलेल्या राजाची ती राजधानी होती. तिथे त्यांना काम होते, पगार होता, पद होते. राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. बागुलांची कथा यानंतर सेहेचाळीस वर्षांनी पुस्तकात आली. दोन्हीकडे क्रम तोच आहे. शिक्षण झाले, नोकरी मिळाली, शहर गाठले, आणि अडथळा आला तो उंबऱ्यावर. बागुलांनी बडोद्याची घटना डोळ्यांसमोर ठेवून कथा लिहिली असे माझे म्हणणे नाही. समाजव्यवस्था एकच असली की ती वेगवेगळ्या माणसांकडून एकच कथा वदवून घेते, एवढेच मला म्हणायचे आहे.

खेडे आणि शहर यांत फरक नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. फरक आहे आणि तो नेमका सांगितला पाहिजे. गावात जात विचारावी लागत नाही. कोणाचे घर कोणत्या आळीत आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. शहराच्या रस्त्यावर, लोकलच्या डब्यात, उपाहारगृहात ती ठाऊक नसते. ही मोकळीक खरी आहे आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी तिच्यासाठी गाव सोडले. परंतु जे ठाऊक नसते ते विचारून घ्यावे लागते, आणि शहर ते घराच्या दारात विचारते. कारण घर म्हणजे चूल, पाणी, शेजार आणि सोयरिकीचा परिसर. जातीला जे राखायचे असते ते सगळे घराभोवती असते. म्हणून शहरातला दलित माणूस रस्त्यावर नागरिक असतो आणि खोली शोधताना पुन्हा जातीचा होतो. बागुलांच्या कथेचे मर्म माझ्या मते येथे आहे. तिच्यातला काशिनाथ जात लपवीत नाही, उघड सांगून भांडतो. निवेदक लपवतो. आपण या दोघांची तुलना नेहमी भित्रेपणा आणि बाणेदारपणा अशी करतो. मला वाटते, हा स्वभावाचा भेद मानून थांबू नये. राहत्या जागेपुढे बाणेदारपणाची किंमत काय पडते, हे बागुल दोघांना समोरासमोर उभे करून दाखवीत आहेत.

आता मुंबईकडे येऊ, कारण दलित साहित्याचे महानगर प्रामुख्याने मुंबई आहे. मुंबईचा नकाशा आपोआप तयार झालेला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पाडलेल्या खोल्या अधिक आणि गरिबांसाठी बांधलेल्या कमी, असा तो व्यवहार होता. याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या. आज आपण मोजतो त्या २०७ इमारती, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणीच्या आतही असाच नकाशा होता. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. विट्याच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांच्या कानात रोज असतो, त्यांना हा तपशील वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकाच छपराखाली, एकाच भोंग्यावर काम करणाऱ्यांत धाग्याएवढी बारीक रेघ ओढली गेली होती आणि तिच्या एका बाजूला दर महिन्याचा पगार कमी होता.

या चाळींत सगळ्या जाती होत्या, परंतु मिसळलेल्या होत्या असे म्हणता येत नाही. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरने मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीच्या सभेनंतर वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल उसळली, तेव्हा कोणती इमारत कोणाची हे दगड मारणाऱ्यांना पक्के माहीत होते. १० जानेवारीच्या मोर्चात इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव मारले गेले. गावातली आळी इमारतीचा क्रमांक घेऊन मुंबईत उभी होती.

हा नकाशा हाती घेऊन आपले साहित्य वाचले, तर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या पुष्कळ पुस्तकांची नावेच पत्ते आहेत. अण्णाभाऊ साठ्यांचे ‘चिरागनगरची भुतं’. आमच्या शेजारच्या आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘झोपडपट्टी’ आणि ‘फूटपाथ नंबर १’. नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हेही पत्त्याचेच नाव आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पु. ल. देशपांड्यांची ती चाळ मोठ्या मायेने लिहिली गेली आहे. परंतु तिच्या हसण्यामागे आणि हळहळीमागे एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे तिथे राहण्याचा हक्क. त्या चाळीतल्या कोणालाही तिथे शिरण्यासाठी नाव बदलावे लागलेले नाही. आपल्या लेखकांनी पुस्तकावर पत्ता घातला तो वेगळ्या कारणाने. सरकारदरबारी, नकाशात, टपालात ज्याची नोंद धड नव्हती, तो पत्ता त्यांनी मुखपृष्ठावर छापून घेतला.

अण्णाभाऊंचा विचार येथे आधी करायला हवा. वाटेगावहून लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला गेलेला हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. ‘मुंबईची लावणी’त त्यांनी मुंबई उंचीने मोजली आहे. वर मलबार हिल, खाली परळ. हा वर्गाचा नकाशा आहे, आणि तो अचूक आहे. परंतु खालच्या परळात पुन्हा कोण कोणत्या खात्यात आणि कोण कोणत्या चाळीत, ही दुसरी रेघ त्या लावणीत येत नाही. ती त्यांच्या कथांतल्या माणसांत येते. अण्णाभाऊंना कोणी मार्क्सवादी म्हणून बाजूला ठेवते, कोणी फक्त जातीपुरते उचलते. दोन्ही रेघा एका लेखकाच्या हातून उमटल्या आहेत, हे मान्य केले तर ही ओढाताण करण्याचे कारण उरत नाही.

‘गोलपिठा’ १९७२ साली आला; पँथरही त्याच वर्षीची. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. पांढरपेशा जगाची हद्द संपते तेथून हे जग सुरू होते आणि मध्यमवर्गाच्या हिशेबी ती जणू निर्मनुष्य भूमी आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. तेंडुलकरांनी हे स्वतःच्या वर्गाचे अज्ञान कबूल करण्यासाठी लिहिले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही शब्दाकडे पाहावे. मुंबईतल्या अत्यंत दाट वस्त्यांपैकी एकीला निर्मनुष्य म्हणावे लागते, तेव्हा ‘मनुष्य’ या शब्दाची व्याप्ती किती ठेवली होती, तेही उघड होते. ढसाळांच्या कवितेचे काम तिथे सुरू होते. ती त्या भूमीवरच्या माणसांची हजेरी घेते, त्यांच्याच बोलीत. त्या शिव्यांनी आणि ओंगळ प्रतिमांनी समीक्षक विचलित झाले. ज्या गल्लीत मोरी, संडास, बाजार आणि बिछाना यांत चार हातांचे अंतर नाही, तिथली भाषा या वस्तू वेगळ्या कशा ठेवणार? ढसाळांच्या भाषेची दाटी ही जागेची दाटी आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि ते त्यांना पटते.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधला कावाखाना मला या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नागपाड्याजवळच्या या वस्तीत एकेका खोलीत पोटभाडेकरू धरून दोनतीन बिऱ्हाडे राहतात. पुरुष हमाली करतात. बाया रस्त्यावरचा कागद, चिंध्या, काच गोळा करतात. पवार गाव आणि कावाखाना यांत सतत ये-जा करीत लिहितात. ही आठवणींची विस्कळीत मांडणी आहे असे काहींनी म्हटले. मला ती मांडणी नेमकी वाटते. गावाचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना एकमेकांना लागून आहेत. मधे फक्त आगगाडी आहे. आणि तरी कावाखाना म्हणजे महारवाडा नव्हे. तिथे येसकराची पाळी नाही, बलुत्यासाठी दारोदार हात पसरणे नाही. मिळकत थोडी, पण रोख. हा फरक पवार पुसत नाहीत आणि त्याचे गोडवेही गात नाहीत. शहराविषयी इतके प्रामाणिक पुस्तक आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल.

येथे आपल्या साहित्याची एक उणीव सांगणे प्राप्त आहे. पँथरच्या काळातील लेखनातले शहर मुख्यतः पुरुषांचे, म्हणजे रस्त्यावरचे आहे. मोर्चा, नाका, गुत्ता, फूटपाथ. बाईचे शहर वेगळे आहे. १६० चौरस फुटांत दिवस काढणे, नळाच्या वेळेसाठी पहाटे उठणे, सामायिक संडासाची रांग, मोरीवर पडदा लावून अंघोळ, आणि घरकामाला गेल्यावर ज्या इमारतीची फरशी पुसायची तिथे वेगळ्या कपात चहा. जागेच्या विषमतेचा मोठा भार तिच्यावर पडतो. ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) येईपर्यंत या शहरातल्या स्त्रीच्या घरा-नोकरीचा हिशेब आपल्याला आतून वाचायला फारसा मिळाला नाही. आम्ही समीक्षकांनीही तो मागितला नाही.

हा सगळा जुना इतिहास झाला, आता शहरात जात कोण पाहतो, पैसा असेल तर घर मिळते, हा आक्षेप मला सहकाऱ्यांकडून नेहमी ऐकायला मिळतो. त्याला तीन उत्तरे आहेत. पहिले आकड्यांचे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००१ च्या जनगणनेवरून देशातील सात मोठी महानगरे प्रभागवार तपासली गेली. वस्त्यांची विभागणी आर्थिक स्थितीपेक्षा जातीप्रमाणे अधिक झालेली त्यात आढळली. दुसरे कायद्याचे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा सहकारी संस्थेचा पोटनियम वैध मानला. सहकार हा शब्द सांगली-साताऱ्याला शिकवावा लागत नाही. त्याच शब्दाच्या आडून दार बंद करता येते, हे मात्र शिकून घ्यावे लागेल. तिसरे उत्तर सरकारी कागदाचे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती. त्यांतला कोण पात्र आणि कोण अपात्र, हे झोपडी कोणत्या तारखेआधीची आहे यावर ठरते. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. राबणाऱ्या माणसाला आपण येथे राहत होतो याचा पुरावा द्यावा लागतो. शहराने त्याच्याकडून काम करून घेतले, याचा पुरावा कोणी मागत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात दहा माणसे मेली. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक आपल्याच वस्तीच्या दारात रस्त्यावर आले होते.

पत्त्याची नावे बदलून हे बदलते काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. कोणाच्याही दाखल्यावर ‘महारवाडा’ असू नये. परंतु महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन भीमनगर कोठे असे विचारा. बोट गावाच्या ज्या कडेला दाखवील, ती कडा जुनीच असेल.

आमच्या भागातून माणसे बाहेर जाणे नवे नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने हजारो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण ते कसे गेले, हेही पाहावे. आधी गेलेल्या भावकीच्या, पाहुण्याच्या दुकानावर उतरायचे, काम शिकायचे, मग स्वतःचे दुकान. पत्ता तयार असायचा. आमचीही माणसे गेली. माझे चुलते गोदीत कामाला होते. त्यांची कार्डे घरात अजून आहेत. प्रत्येकावर त्यांच्या नावाखाली ‘द्वारा’ आणि मग दुसऱ्या कोणाचे तरी नाव. आधी गेलेल्याकडे उतरण्याची रीत दोघांची सारखीच होती. त्यांच्या पाहुण्याकडे पेढी होती, आमच्या पाहुण्याकडे झोपडी. दोन पिढ्यांनंतरचे अंतर त्या पहिल्या मुक्कामातून वाढत गेले आहे.

या दाट वस्त्यांनी आपल्याला फक्त दुःख दिले, असेही नाही. वाचनालये, बुद्धविहार, जलसे, जयंत्या, मंडळे, पँथर हे सगळे चाळी, लेबर कॅम्प आणि झोपडपट्ट्यांतून आले. बागुल माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. एकत्र कोंडल्यामुळे आपण एकत्र आलो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या रहिवाशांना उंच इमारतींतल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी १६० चे ५०० झाले, याचा आनंद कोणी कमी लेखू नये. त्या चाळींची ओढ वाटते असे म्हणण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, माझ्यासारख्याला नाही. परंतु त्या घरांची देखभाल कोणाला परवडेल, दहा वर्षांनी तिथे कोण राहत असेल, आणि विकून निघालेल्याला पुढची खोली कोठे मिळेल, हे प्रश्न उद्याच्या दलित कथेचे आहेत. ते लिहायला कोणी बसले असेल, तर त्याने बागुलांची कथा पुन्हा वाचावी.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. कथेतल्या माणसाला दुसरी खोली मिळाली असती, पण त्याच अटीवर, असे सांगितले. मग वर्गाला एक काम दिले. आपल्या घरातून शहरात गेलेल्या पहिल्या माणसाचा पहिला पत्ता शोधून आणायचा. तो कोणाच्या ओळखीने मिळाला, दारात काय विचारले गेले, पाणी कोठून भरले, एवढे लिहायचे. चाळीस मुलांनी आणले. सगळ्या जातींची मुले होती. ती पाने एकाशेजारी एक ठेवून वर्गात वाचली, तेव्हा मला काही समजावून सांगावे लागले नाही. ज्या शिक्षक-कार्यकर्त्या मित्रांच्या हाती हा अंक पडेल त्यांनी आपापल्या गावी हे करून पाहावे, आणि दलित साहित्यातल्या महानगरावर लिहिताना आधी त्यातल्या माणसाचा पत्ता विचारावा, एवढी विनंती आहे.